शाळेत धातूकाम आणि दागिने घडवणं शिकवावं का?

ऐरण
माध्यमिक शाळेत हा विषय हवा, आणि त्याला गुणही हवेत. आतला व्यास 17 मिमी असलेली अंगठी करायला सांगा. तार 1.5 मिमी जाड. बहुतेक मुलं 17 ला पायने (π, म्हणजे 3.14) गुणून 53.4 मिमी तार कापतात आणि अंगठी बोटात शिरतच नाही. वाकवताना तार बाहेरून ताणली जाते, आतून दबते, म्हणून लांबी मधल्या रेषेवर धरायची: 18.5 गुणिले पाय, म्हणजे 58.1. वहीत ही चूक लाल रेघेवर सुटते. इथे ती बोटाच्या पेरावर अडून बसते, मुलं ती आयुष्यात विसरत नाहीत.

स्पष्टच_बोलते
गणित पटलं. पण तीस मुलं, एक शिक्षक, पेटलेला गॅसचा टॉर्च आणि आम्लाचं भांडं? माझ्या शाळेत एका मुलीने साखळी पॉलिशच्या चाकावर मोकळीच धरली. चाकाने ती हिसकावून घेतली, बोट थोडक्यात वाचलं. साखळी फळीला गुंडाळून धरायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. शिवाय डाग, म्हणजे जोड सांधायला वितळवतात तो धातू, कॅडमियमवाला असेल तर त्याचा धूर विषारी. माझा विरोध आहे.

ऐरण
कॅडमियम नसलेला डाग मिळतो, शाळेत तोच वापरायचा. आणि सुरुवात आगीशिवाय करता येते: तांब्याचा पत्रा, करवत, कानस, रिव्हेट. करवतीची पाती पहिल्या आठवड्यात पटापट तुटतात, कारण मुलं जोर लावतात. दाते खाली वळलेले असतात, खाली ओढतानाच कापतात, जोर नकोच. हे हाताला कळलं की पाती टिकतात.

जुनी_कानस
आग काढून टाकलीत तर विषयाचा जीवच गेला. पंधराव्या वर्षी मी तांबं ठोकत होतो. ते इतकं कडक झालं की कडेला तडा गेला. बाईंनी दुसरा तुकडा मंद लाल होईपर्यंत तापवला, पाण्यात बुडवला आणि हातात दिला. बोटांनी वाकला! पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, तांबं नरम, हे त्या दिवशी कळलं. झाळण्याचंही तसंच. डागावरच ज्योत धरली की त्याची गोळी होऊन बसते. आधी सगळी वस्तू तापवायची, डाग उष्णतेकडे धावतो. जोडात फट असेल तर मात्र तो ती भरत नाही, पुन्हा कानस घ्या. टॉर्चपाशी एका वेळी आठच मुलं असू द्या.

स्पष्टच_बोलते
आणि उरलेली बावीस त्या तासाला कुठे? याचं उत्तर द्या, मग माझा विरोध मागे.

जुनी_कानस
करवतीवर, शेजारच्या खोलीत, दुसऱ्या शिक्षकासोबत. दुसरा शिक्षक मिळत नसेल तर टॉर्च कपाटातच राहू दे. त्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही.