पोलादी आर्म मॅग्नेशियमचा केला तर?

यंत्रवेडा:
नमस्कार मंडळी. एका पिक-अँड-प्लेस (वस्तू उचलून दुसरीकडे ठेवणाऱ्या) मशीनचा आर्म हलका करायचाय. सध्या साध्या पोलादाची पट्टी आहे: ३०० मिमी लांब, ६० रुंद, ६ जाड. एका टोकाला सर्वो (आर्म फिरवणारी मोटर), दुसऱ्या टोकाला ग्रिपर (वस्तू धरणारा पंजा). वेग वाढवला की थांबताना ग्रिपर थरथरतो. मॅग्नेशियम पोलादाच्या पावपटीहूनही हलकं आणि वजनाच्या मानाने जास्त मजबूत, असं सगळीकडे वाचतोय. ए-झेड ३१ या मॅग्नेशियम मिश्रधातूची ६ मिमीचीच पट्टी कापून बसवली तर? मशीन रोज पाण्याने धुतात. बोल्ट स्टेनलेसचे आहेत.

ओतारी:
६ मिमीचीच बसवलीत तर टोक आणखी झुकेल. तुमची पट्टी तुटत नाहीये, वाकतेय. तेव्हा ताकदीचे आकडे ठेवा बाजूला (तिथे ए-झेड ३१ साध्या पोलादाच्या फार मागे नाही) आणि यंग्ज मॉड्युलस, म्हणजे धातूचा मुळातला ताठपणा, बघा. पोलाद साधारण २०५ गिगापास्कल, मॅग्नेशियम ४५. म्हणजे त्याच जाडीत, त्याच भाराखाली साडेचार पट झुकणार. मिश्रधातू बदला, उष्णोपचार करा, हा ४५ फारसा हलत नाही.

गंमत बघा, मॉड्युलसला घनतेने भागलं तर पोलाद २६, ॲल्युमिनियम २६, मॅग्नेशियम २५. सरळ ओढ घेणाऱ्या दांड्यात मॅग्नेशियम वापरून वजनाचा काहीच फायदा नाही. फायदा होतो तो वाकण्यात, कारण तिथे ताठपणा जाडीच्या घनाच्या (तिसऱ्या घाताच्या) पटीत वाढतो. तुमच्या पट्टीइतकाच ताठपणा हवा असेल तर मॅग्नेशियम १० मिमी लागेल. पोलादी पट्टी ८४८ ग्रॅमची, ही साधारण ३२० ची. ॲल्युमिनियम ८.६ मिमी, ४१८ ग्रॅम. पोलाद सोडल्याबरोबर निम्मं वजन जातंच. त्यापुढे मॅग्नेशियमने मिळतात ते शंभरेक ग्रॅम.

त्या शंभर ग्रॅमसाठी पाणी आणि स्टेनलेस बोल्ट घेऊन बसायचं? मॅग्नेशियम ओतण्यात माझी बरीच वर्षं गेली, धातू माझा लाडका आहे, पण इथे मी तो लावणार नाही. ओलाव्यात लोखंड किंवा स्टेनलेस त्याला टेकलं की मॅग्नेशियम स्वतः झिजतं आणि बोल्ट वाचवतं. वॉशरच्या कडेने पांढरी भुकटी दिसायला लागते, वॉशर उचलला की खाली खड्डा. बोल्ट मात्र नवाकोरा! टाळायचं तर मध्ये ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे रुंद वॉशर, वर लेप, आणि पाणी साचणार नाही अशी रचना. एवढं करूनही धुणाऱ्याने एकदा लेप खरवडला की संपलं.

लोखंडाशी याचं नातं तसं विचित्रच. वितळलेलं मॅग्नेशियम आम्ही खुशाल पोलादी भांड्यात ठेवतो, कारण लोखंड त्यात जवळपास विरघळत नाही. तसं वितळलेलं ॲल्युमिनियम ठेवलं तर भांडं खाऊन टाकेल. पण तयार मालात लोखंड ०.००५ टक्क्याच्या वर गेलं की गंजण्याचा वेग एकदम चढतो.

चिपवाली:
ओतारीकाका, थोडा अन्याय करताय. सारख्या ताठपणाऐवजी सारखं वजन धरा. १० मिमी ॲल्युमिनियम ४८६ ग्रॅम, पोलादाच्या दीडपट ताठ. तेवढ्याच वजनात मॅग्नेशियम १५ मिमी बसतं, ते जवळजवळ साडेतीन पट ताठ. थरथर घालवायची तर हाच हिशेब खरा. शिवाय मशीनिंगला लोण्यासारखं; साध्या पोलादाच्या मानाने जेमतेम सहावा हिस्सा पॉवर लागते.

फक्त टूल धारदार ठेवा. बोथट टूल घासत बसलं की बारीक, गरम कीस निघतो आणि तोच पेटतो. पेटला तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडरही नाही. मॅग्नेशियम त्या वायूतसुद्धा जळतं. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची पावडर हाताशी हवी.

यंत्रवेडा:
गाड्यांच्या इंजिनात मॅग्नेशियम चालतंच की. तिथेही पाणी आणि बोल्ट असतातच ना?

ओतारी:
असतात, आणि काय काय करावं लागतं तेही बघा. २००४ च्या बीएमडब्ल्यू एन-५२ इंजिनात क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) बाहेरून मॅग्नेशियमची, पण सिलिंडर आणि कूलंटच्या वाटा आतल्या ॲल्युमिनियमच्या गाभ्यात. कूलंटला मॅग्नेशियमजवळ फिरकूच दिलेलं नाही. बोल्टसुद्धा ॲल्युमिनियमचे, खोलले की फेकायचे आणि नवे लावायचे.

चिपवालीताईंचा हिशेब बरोबर आहे, जागा असेल तर. तुमच्याकडे जाडीला जागा किती?

यंत्रवेडा:
गार्डच्या आत १२ मिमी. त्याहून जाड पट्टी घासेल.

चिपवाली:
मग मी मागे घेते. १२ मिमीत मॅग्नेशियम पावणेदोन पट ताठ, ॲल्युमिनियम पावणेतीन पट. जाडी बांधलेली असली की मॅग्नेशियमचा डाव जातो. ॲल्युमिनियम ५८३ ग्रॅम होईल, पण मधे खिसे काढलेत तर उतरेल. कडेच्या दोन बरगड्या पूर्ण उंचीच्या ठेवा, आणि खिसे आरपार काढा, नाहीतर धुतल्यावर पाणी साचेल.

ओतारी:
आणि सर्वोकडच्या बाजूला खिसे काढू नका, वाकवणारा जोर तिथेच सगळ्यात जास्त. ॲल्युमिनियमचे आटे स्टेनलेस बोल्टने लवकर जातात, म्हणून स्टीलचे इन्सर्ट (भोकात बसवायचे तयार आटे) बसवा आणि बोल्टला अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा. ग्रिपरचं वजन किती ते सांगितलंच नाहीत. तो अर्ध्या किलोच्या वर असेल तर आधी त्याच्याकडे बघू.