ऊसदराच्या आणि कोर्टाच्या बातमीत भाषा-शिक्षण शोधायचं का?

राजारामपुरीकर
शिक्षणाची बातमी म्हणजे दहावीचा निकाल नि प्रवेशाच्या याद्या, एवढंच आपण धरून चाललोय. भाषेच्या आणि शाळेच्या मोठ्या बातम्या भलत्याच पानांवर असतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. मुंबईची खेप वाचली, सहा जिल्ह्यांची सोय झाली, एवढंच सगळ्यांनी वाचलं. पण कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात साक्ष मराठीत होते, आणि तोच खटला बेंचपुढं गेला की कामकाज इंग्रजीत, घटनेच्या कलम ३४८ मुळं. स्वतःच्याच जमिनीचा युक्तिवाद पक्षकाराला कळत नाही. ही भाषेची बातमी नव्हे?

शिरोळचा मास्तर
नाही पटलं. बेंचसाठी वकिलांनी चार दशकं लढा दिला तो लोकांचा प्रवासखर्च आणि हेलपाटे वाचावेत म्हणून. त्यात भाषा घुसडली की मूळ मुद्दा बाजूला पडतो. आधी शिक्षणाच्या सरळ बातम्या तरी नीट वाचूया. पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, १७ जूनला बदलला, २९ जूनला दोन्ही जीआर रद्द झाले. भांडले सगळे, जीआर उघडून किती जणांनी बघितला? संच मान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारा, १५ मार्च २०२४ चा जीआर तर पालकांच्या गावीही नाही. सहावी ते आठवीला वीसच्या आत पट असेल तर त्यात शिक्षकच मंजूर नाही!

कागलची ताई
मास्तर, मग ऊसदराचं बघा. पहिली उचल, म्हणजे उसाचा पहिला हप्ता, किती, यावर पानंच्या पानं भरतात. त्याच दिवसांत बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पोराबाळांसकट येतात. गेल्या हंगामात एक पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन आमच्या शाळेच्या खिडकीशी उभी राहायची. आत पाढे सुरू झाले की हिचे ओठ हलायचे. बोलावलं तर म्हणाली, "ह्याला कोण बघंल?"

शिरोळचा मास्तर
ताई, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं. पेपरात ते नव्हतंच. जे छापलंच नाही ते वाचकानं कुठनं शोधायचं? ते वार्ताहराचं काम.

राजारामपुरीकर
वाचकानं विचारल्याशिवाय वार्ताहर तरी कशाला जाईल उसाच्या फडावर? शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्या कोल्हापुरात टोळ्यांबरोबर किती पोरं आली आणि किती शाळेत बसली, हा आकडा ऊसदराच्या शेजारी छापून यायला पाहिजे. मी संपादकांना तसं पत्र लिहितोय. मास्तर, तुमच्या शाळेत काय होतं?

शिरोळचा मास्तर
आलेल्या पोराला आम्ही परत पाठवत नाही. पण नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर असतं. तिथनं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या पोराला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं कार्ड, आणलं तर पुढचं सोपं जातं, आणि आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच पोरांकडं ते नसतं. पत्रात हे नक्की घाला. बेंचबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.