पुढारी बाई, पण घर कुठाय?
चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीतल्या (१९६६-७६) 'आदर्श नाटकां'त, म्हणजे सरकारनं नमुना म्हणून ठरवलेल्या नाटक-बॅलेंत, बायका पुढारी दाखवल्या म्हणजे रंगमंचावर तरी त्यांच्या हातात सत्ता आली, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. त्या बायकांना घरदार आहे का बघा ना. 'शाच्यापांग'मधली चहावाली आछिंगची बायको शत्रूच्या अधिकाऱ्याला बोलण्यात अशी काही गुंडाळते की बघत राहावं, पण तो आछिंग अख्ख्या नाटकात दिसतच नाही, म्हणे शांघायला धंद्याला गेलाय! 'लाल कंदील'मधली आजी, बाप, मुलगी तर एकमेकांच्या रक्ताचीही नाहीत.

आणि 'पांढऱ्या केसांची मुलगी' घ्या. कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानमधल्या १९४५च्या ऑपेरात जमीनदार नायिका शीअरवर बलात्कार करतो, तिला मूल होतं, आणि तिचा बाप त्याआधीच टोफूसाठी वापरतात ते खारं पाणी पिऊन जीव देतो. १९६५च्या बॅलेत बलात्कार आणि मूल दोन्ही गायब, बाप कावड उगारून लढताना मरतो. म्हणजे नायिका ताकदवान करायची तर तिच्या अंगावर जे झालं तेच पुसून टाकायचं, हा कुठला न्याय? गंमत म्हणजे या सगळ्यावर हुकूमत चालवणाऱ्या जिआंग छिंगबाई, म्हणजे माओची बायको, स्वतः १९३५मध्ये शांघायला इब्सेनच्या नाटकातली नवरा-घर सोडून जाणारी नोरा करून गाजल्या होत्या.