रास्पबेरी पाय ४ : स्क्रीन मध्येच काळी पडते आणि अक्षरे पुसट दिसतात

प्रश्न
वाचनकट्टा :

नमस्कार. आमच्या गावातील वाचनालयात पुस्तकांची सूची पाहण्यासाठी एक रास्पबेरी पाय ४ (छोटा, एकाच पाटीवरचा संगणक) ठेवला आहे. त्याला कोणी तरी देणगी म्हणून दिलेला १७ इंची जुना मॉनिटर जोडला आहे. त्या मॉनिटरला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीची चित्राची जोडणी) असल्यामुळे मध्ये एचडीएमआय ते व्हीजीए असा छोटा कन्व्हर्टर लावावा लागतो. हा संच बस्टर या पायच्या जुन्या प्रणालीवर तीन वर्षे विनातक्रार चालला. गेल्या महिन्यात मी नवे मेमरी कार्ड घेऊन त्यावर बुकवर्म ही नंतरची आवृत्ती टाकली आणि तेव्हापासून दोन त्रास सुरू झाले.

पहिला म्हणजे स्क्रीन दिवसातून पाच-सहा वेळा एक-दोन सेकंद पूर्ण काळी पडते आणि आपोआप परत येते. दुसरा म्हणजे चित्र १०२४ × ७६८ या आकारातच येते, मॉनिटरचा मूळ आकार मात्र १२८० × १०२४ आहे. त्यामुळे अक्षरे ताणली जातात, आणि देवनागरीत तर अनुस्वार व रफार इतके पुसट होतात की ‘मंदिर’ आणि ‘मदिरा’ यांत गफलत होईल की काय अशी भीती वाटते. जुन्या कार्डावरील कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमधील एचडीएमआय ग्रुप २ आणि एचडीएमआय मोड ३५ या १२८० × १०२४ आकार ठरवून देणाऱ्या दोन्ही ओळी मी नव्या कार्डावर जशाच्या तशा उतरवल्या, पण काहीच फरक पडला नाही. त्याच आठवड्यात बॅकअपसाठी एक यूएसबी हार्ड डिस्कही जोडली आहे, बाकी काही बदललेले नाही. नव्या प्रणालीचा ग्राफिक्स ड्रायव्हरच (चित्र दाखवणारा प्रोग्राम) सदोष आहे असे समजून परत बस्टरवर जावे का?

उत्तर १
सोल्डरगन :

माझ्याकडेही जुना मॉनिटर होता. कॉन्फिग फाइलमध्ये ‘एचडीएमआय फोर्स हॉटप्लग’ ही ओळ १ अशी घालून यंत्र पुन्हा सुरू करावे, म्हणजे मॉनिटर जोडलेला आहे असे पाय गृहीत धरतो. माझा प्रश्न २०१९ मध्ये याच एका ओळीने सुटला होता.

उत्तर २
रात्रपाळी :

सोल्डरगन यांचा उपाय त्या काळी योग्यच होता, परंतु आता तो लागू पडत नाही आणि वाचनकट्टा यांच्या दोन ओळीही त्याच कारणाने निष्फळ ठरल्या आहेत. बस्टरवर स्क्रीनचा आकार ठरवण्याचे काम पायचे फर्मवेअर (यंत्राचा स्वतःचा मूळ प्रोग्राम) करीत असे आणि ते कॉन्फिग फाइलमधील एचडीएमआयच्या ओळी वाचत असे. नोव्हेंबर २०२१ च्या बुल्सआय या आवृत्तीपासून हे काम लिनक्स कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) केएमएस ड्रायव्हरकडे गेले, आणि तो ड्रायव्हर त्या ओळींकडे पाहतही नाही. चूक दाखवणारा संदेशसुद्धा येत नाही, त्यामुळे माणूस तासन् तास मोड क्रमांक बदलत बसतो. शिवाय बुकवर्ममध्ये ही फाइल बूट फोल्डरमधून त्याच्या आतील फर्मवेअर फोल्डरमध्ये हलवली आहे. जुन्या जागी त्याच नावाची जी फाइल दिसते तिच्यात ‘ही फाइल बदलू नका’ एवढीच सूचना असते.

ड्रायव्हरला दोष देण्याआधी आपले दोन्ही त्रास वेगळे करून पाहावेत, कारण ते एकाच आठवड्यात सुरू झाले असले तरी त्यांचे कारण एक असेलच असे नाही. आकार चुकणे हे कायमचे लक्षण आहे आणि काळे पडणे हे अधूनमधूनचे. अधूनमधूनच्या बिघाडात मी सर्वांत आधी वीजपुरवठा तपासतो, आणि हार्ड डिस्कचा उल्लेख आपण शेवटी सहज केला आहे, माझी नजर तिथेच अडकली.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात, आणि फिरती डिस्क झोपेतून उठताना त्यातील बराच वाटा एकदम ओढते. कन्व्हर्टरला स्वतंत्र वीज नसेल तर तोही एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेवर जगतो, आणि त्या पिनेवरून किमान ५५ मिलिअँपिअरच मिळण्याची हमी असते. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल असल्यास डिस्क उठताना व्होल्टेज बसते आणि कन्व्हर्टर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. बघणाऱ्याला वाटते की पायची स्क्रीन गेली. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले की पाय त्याची नोंद ठेवतो. ती पाहण्यासाठी टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्यावी. इथे मी उच्चार लिहिला आहे, टंकताना अर्थातच रोमन लहान अक्षरे वापरावीत. उत्तर ०एक्स० आले तर वीज ठीक आहे, ०एक्स५०००० आले तर यंत्र सुरू झाल्यापासून कधी तरी व्होल्टेज बसून गती कमी केली गेली होती, आणि शेवटी ५ असलेले ०एक्स५०००५ आले तर ते या क्षणीही बसलेले आहे.

आकाराचे कारण वेगळे दिसते. मॉनिटर स्वतःची माहिती किमान १२८ बाइटच्या एका तक्त्यात सांगतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. तो तक्ता वाचता आला नाही तर कर्नल धोका न पत्करता १०२४ × ७६८ वर थांबतो, आणि आपल्याकडे नेमका हाच आकडा आला आहे. एसवायएस, क्लास, डीआरएम या फोल्डरमध्ये कार्ड१-एचडीएमआय-ए-१ असे एक फोल्डर असते, काही वेळा कार्ड० अशीही सुरुवात असते. त्यातील ईडीआयडी नावाची फाइल किती बाइटची आहे ते ‘डब्ल्यूसी -सी’ ने मोजावे. शून्य आले तर मॉनिटरची माहिती पायपर्यंत पोहोचतच नाही. केबल वीजपुरवठ्याच्या यूएसबी-सी सॉकेटशेजारच्या मायक्रो एचडीएमआयमध्येच आहे याचीही खात्री करावी, कारण ए-१ म्हणजे तेच सॉकेट.

वाचनकट्टा :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सकाळी आज्ञा दिली तेव्हा ०एक्स५०००० आले. त्यानंतर डिस्कवर हात ठेवून बसलो, आणि बॅकअप सुरू होताच बोटांना थरथर जाणवली, त्याच क्षणी स्क्रीन काळी झाली आणि परत आल्यावर कोपऱ्यात विजेची छोटी खूण दिसली. अडॅप्टर पाहिला तर तो कोणाच्या तरी जुन्या मोबाइलचा होता आणि त्यावर २ अँपिअर लिहिले होते. मूळचा अडॅप्टर वाचनालयाच्या फोनसाठी पळवला गेला होता, हे आता कळले. तो परत लावला आणि डिस्क स्वतःची वीज असलेल्या हबवर नेली. काल दिवसभर स्क्रीन एकदाही गेली नाही आणि आकडा ०एक्स० आहे.

ईडीआयडीची फाइल मात्र शून्य बाइटची आहे. केबल योग्य सॉकेटमध्येच आहे.

उत्तर ३
सोल्डरगन :

माझी माहिती जुनी निघाली, दुरुस्तीबद्दल धन्यवाद. तक्ता येत नसेल तर आकार कर्नललाच सांगावा लागेल. त्यासाठी फर्मवेअर फोल्डरमधील सीएमडीलाइन (सुरू होताना कर्नलला सूचना देणाऱ्या) फाइलच्या शेवटी एक जागा सोडून ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१२८०एक्स१०२४एम@६०डी’ असे लिहावे, त्यात एचडीएमआय-ए, एम आणि डी ही अक्षरे मोठी असावीत. शेवटचा डी मॉनिटर जोडलेला आहे असे धरायला लावतो, म्हणजे माझ्या जुन्या ओळीचेच काम करतो. एक इशारा अनुभवावरून देतो : ती संपूर्ण फाइल एकाच ओळीची असते आणि एकाच ओळीची राहिली पाहिजे. मी एकदा नवी ओळ करून हे लिहिले आणि अर्धा दिवस बदल का लागू होत नाही हे शोधत बसलो, कारण पहिल्या ओळीनंतरचे काही वाचलेच जात नव्हते.

उत्तर ४
रात्रपाळी :

ही ओळ चालेल, पण मी तिला कुबडी म्हणेन. ईडीआयडी व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येतो. तीन ओळींपैकी अरुंद बाजूच्या ओळीत त्या दोन्ही असतात. स्वस्त केबलमध्ये त्या तारा घातलेल्याच नसतात किंवा पिन वाकलेली असते, आणि चित्र मात्र येत राहते, कारण रंगांच्या तारा वेगळ्या असतात. केबल काढून पिना उजेडात पाहाव्यात. ९ क्रमांकाची पिन नसलेली दिसली तर घाबरू नये, अनेक केबलमध्ये ती मुळातच नसते.

वाचनकट्टा :

आधी कुबडी लावून पाहिली. १२८० × १०२४ मिळाले आणि अनुस्वार टिंबासारखे टिंब झाले. मग संध्याकाळी केबल काढली. अरुंद ओळीतील दुसरी, म्हणजे १२ क्रमांकाची पिन आडवी होऊन तळाच्या प्लास्टिकला चिकटली होती, बहुधा मीच नवे कार्ड घालण्याच्या घाईत वाकडी केबल दाबली असावी. सुईने उभी करू गेलो तर ती तुटून हातात आली. शेजारच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातून दुसरी केबल आणली, तेव्हा ईडीआयडीची फाइल १२८ बाइटची झाली. सीएमडीलाइनमधील ओळ काढून टाकली तरी आकार बरोबर राहिला. बस्टरवर मोड ३५ सक्तीने लादलेला असल्यामुळे तेथे ईडीआयडी न मिळताही चालले असते, म्हणून पिन नेमकी कधी वाकली हे आता सांगता येणार नाही.

एवढे एक उरले आहे की चित्र डावीकडे बोटभर सरकले आहे आणि मेनूचे चिन्ह अर्धे कापले जाते.

रात्रपाळी :

ते पायचे काम नाही. व्हीजीए अॅनालॉग असल्याने चित्राची कड मॉनिटरला स्वतः शोधावी लागते. मॉनिटरच्या पुढच्या कडेवरील ‘ऑटो’ बटण एकदा दाबावे, पण त्या वेळी स्क्रीनवर काळे वॉलपेपर नसून पांढरी खिडकी पूर्ण पसरलेली असावी, अन्यथा त्याला कड सापडत नाही.

वाचनकट्टा :

सूचीची पांढरी खिडकी पूर्ण उघडून बटण दाबले. चित्र दोनदा थरथरले आणि जागेवर बसले.