किताब मिळाल्यावर आमंत्रणांची रांग लागली: नाच, उद्घाटनं आणि रक्तक्षयाचं काम एका वर्षात कसं बसवायचं?

वडगावची_घुंगरू:

नमस्कार. मी बेळगावची, वडगाव भागातली. घरी पॉवरलूम आहे, मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते आणि शाळेपासून नाचते. लावणी जास्त, भरतनाट्यम थोडं. यंदा आपल्या सीमाभागात महिलांसाठी झालेल्या एका सौंदर्यस्पर्धेत मला पहिला किताब मिळाला. स्पर्धेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न स्पर्धेचा नाही, पुढच्या वर्षाचा आहे.

शेवटच्या फेरीत परीक्षकांनी विचारलं, "किताब मिळाला तर काय करशील?" मी सांगितलं, मुलींच्या रक्तक्षयावर बोलेन. ते टाळ्यांसाठी नव्हतं. कॉलेजात रक्तदान शिबिर होतं, मी मोठ्या उत्साहानं नाव दिलं. रक्त द्यायला हिमोग्लोबिन निदान साडेबारा लागतं, आणि माझं नऊच्या आसपास निघालं. तालमीत तिसऱ्या कडव्याला डोळ्यांपुढं अंधारी यायची, ती आम्ही सगळे "उपवासानं होतंय" म्हणून सोडून देत होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काही महिने नेमानं घेतल्या. त्यानंतर तीच लावणी दमानं, शेवटच्या ठेक्यापर्यंत नाचता आली. दम म्हणजे काय असतो ते मला तेव्हा कळलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली तशाच अंधारीत वावरत असतील, हे त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

आता झालंय असं की फोन थांबत नाही. साडीच्या दुकानाचं उद्घाटन, रांगोळी स्पर्धेचं परीक्षण, गणेश मंडळाची आरती, महिला मंडळाचं हळदीकुंकू, शाळांची स्नेहसंमेलनं. सगळ्यांना मुकुट, सॅश आणि एक लावणी पाहिजे. आरोग्यावर बोलायचं म्हटलं की "हो हो, शेवटी दोन मिनिटं बोला की" असं म्हणतात. शेवटी म्हणजे बायका अल्पोपाहाराकडं उठल्यावर.

निपाणीत एका कार्यक्रमानंतर विडी वळणारी एक मावशी माझा हात धरून म्हणाली, "बाळ, तू बोललीस तसंच मला होतंय. दोन पायऱ्या चढले की धाप. आता कुठं जाऊ?" तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता आणि हात गार होता. "डॉक्टरांना दाखवा" यापलीकडं मला तिला काही नेमकं सांगायचं आहे. कुणाकडं, कधी, काय मागायचं.

तर विचारणं असं: कुठली आमंत्रणं घ्यावीत, कुठली सोडावीत? नाच आणि बोलणं एकाच कार्यक्रमात कसं बसवावं? आणि मी डॉक्टर नाही, तर किती बोलावं? आई म्हणते नोकरी सांभाळ, बाबा म्हणतात एकदाच मिळतं, जा. दोघांचंही पटतं.

निपाणीची_माजी_विजेती:

ताई, आधी मनापासून अभिनंदन. मीही काही वर्षांपूर्वी असाच एक किताब वर्षभर मिरवला आहे, म्हणून लांबलचक लिहिते, वाच.

पहिलं काम, आयोजकांबरोबरचा करार काढून नीट वाच. वर्षभर कुठं जायला त्यांची परवानगी लागते, तुझे फोटो कोण वापरू शकतं, जाहिरात घेता येते का, हे त्यातच असतं. वकील ओळखीचा असला तर त्याला दाखव.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: आधी बोल, मग नाच. नाच झाला की लोकांचं काम संपतं, खुर्च्या सरकायला लागतात, आणि तूही धापत असतेस. लावणी पुढं आहे म्हटल्यावर माणूस हलत नाही. हे व्यासपीठावर गेल्यावर ठरवायचं नाही, फोनवरच ठरवायचं. "मी आठ-दहा मिनिटं बोलेन, मग नाचेन, या क्रमानं चालेल का?" जे नाही म्हणतात तिथं जायचं नाही. निम्मी निवड इथंच होते.

शाळेत गेलीस तर मुली मुकुटाकडंच बघत बसतात. तो काढून पहिल्या बाकावर दे, फिरू दे सगळ्यांच्या हातातून. त्यांचं समाधान झालं की मग ऐकतात. तुझ्या डोक्यातल्या पिनांनाही तेवढीच सुट्टी मिळते. तासाभरानं त्या टोचायला लागतात, तुला कळलंच असेल.

उद्घाटनं मी वाईट म्हणत नाही. कपड्यांचा, मेकअपचा, गाडीचा खर्च त्यातून निघतो, आणि मानधन मागायला लाजू नकोस. पण एका गोष्टीला ठाम नकार दे. "रक्तवाढीचं" टॉनिक नाहीतर पावडर घेऊन कुणीतरी येणारच, बाटली हातात धरून एक फोटो द्या म्हणून. तू बाटली धरलीस की सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी लोकांच्या मनात हलकी ठरते. तुझं सगळं बोलणं त्या एका फोटोत वाहून जाईल.

स्वतःच्या आजाराबद्दल उघड बोलतेस ते सोडू नकोस. 1999 ची मिस अमेरिका निकोल जॉन्सन हिला टाइप 1 मधुमेह होता, ती इन्सुलिन पंप वापरायची, आणि तिनं किताबाचं वर्ष मधुमेहाच्या कामाला दिलं. आपल्याकडची 2017 ची मिस वर्ल्ड मानुषी छिल्लर वैद्यकीय शिक्षण घेत होती, तिचं काम मासिक पाळीच्या स्वच्छतेवर होतं. दोघींनी एकच विषय धरला. तुझा रक्तक्षय आहे, मग पर्यावरण दिन, हेल्मेट सप्ताह, मतदान जागृती यांची आमंत्रणं आली तरी तिथं पाहुणी म्हणून ओढली जाऊ नकोस.

नोकरी सोडू नकोस. रीटा फारिया 1966 मध्ये मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली, तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. किताबाचं वर्ष झाल्यावर ती पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडं गेली आणि डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. आईला हे वाचून दाखव. बाबांनाही, कारण ती वर्षभर गेलीच होती की!

खानापूर_सिस्टर:

मी खानापूर तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे परिचारिका-सुईण आहे. मावशीला काय सांगायचं, ते मी सांगते.

"तुमच्या गल्लीतली आशा कोण?" हे विचारायचं. हा पहिला प्रश्न. आशा सेविका नाहीतर अंगणवाडी ताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरात असली तर नागरी आरोग्य केंद्रात घेऊन जाईल. तिथं हिमोग्लोबिन तपासून द्या म्हणायचं, पैसे लागत नाहीत. गरोदर नसलेल्या बाईचं 12 च्या खाली असेल तर रक्तक्षय, गरोदर असेल तर 11 च्या खाली. बिनगरोदर बाईचं 8 च्या खाली गेलं असेल तर तो तीव्र, मग घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, डॉक्टरच पाहिजेत. विडी वळणाऱ्या मावशीला धाप लागते म्हणजे फक्त रक्तच कमी असेल असंही नाही, छातीही तपासून घ्यावी लागेल. म्हणून व्यासपीठावरून "ही गोळी घ्या" असं सांगू नकोस, "तपासा" एवढंच सांग. तू विचारलंस ना किती बोलावं, तर एवढं.

मुलींसाठी मात्र खुशाल बोल. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याला एक निळी गोळी असते, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शाळा सोडलेल्या मुलींना ती अंगणवाडीत मिळते. शिवाय जंताची गोळी. गोळी पोचते, पोटात जात नाही, ही आमची खरी अडचण. मुली दप्तरात ठेवून देतात. कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि शौचाला काळं झालं की घाबरतात. काळं होणं साहजिक आहे, त्यात भ्यायचं काही नाही, हे तू सांगितलंस तर ऐकतील. मी रोज सांगते, पण मी इंजेक्शनवाली बाई. तू मुकुट घालून तेच सांगितलंस की घरी जाऊन आईला सांगतात.

आणखी एक, चहा. आपल्याकडं जेवणावर चहा लागतोच. चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवण किंवा गोळी आणि चहा यांत तासभर तरी अंतर पाहिजे. भाकरी-उसळीवर लिंबू पिळलं, आवळा खाल्ला तर लोह चांगलं शोषलं जातं. बायकांना फक्त "पालेभाज्या खा" सांगू नकोस, ते त्या लहानपणापासून ऐकत आल्यात.

भारतात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. पण मला रात्री झोप न येण्याचं कारण आकडा नाही, बाळंतपण आहे. जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही. जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांवरून पावसात गाडी निघून दवाखान्यात पोचेपर्यंत काय होतं ते आम्ही बघितलंय.

आणि आपल्या जिल्ह्यातली ही गोष्ट तू प्रत्येक भाषणात सांग. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत माझ्यासारख्या एएनएमनी बाळंत झालेल्या बायकांना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. 1620 बायका त्या अभ्यासात होत्या. औषध नसलेल्या गटात बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव 12 टक्के होता, औषध घेतलेल्यांत 6.4. हा अभ्यास 2006 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर वाचला गेला. आपल्या पोरींना वाटतं मोठं काही घडतं ते बेंगळूर-मुंबईला. त्यांना हे माहीत पाहिजे.

शेवटची विनंती. कार्यक्रम ठरला की त्या भागातल्या आरोग्य केंद्राला आठवडाभर आधी कळव. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी मिळाली तर सिस्टर हिमोग्लोबिन मीटर घेऊन मंडपातच बसेल. तू बोललीस, नाचलीस, आणि उठून जाताना बायका बोट पुढं करून गेल्या. तू परत गेल्यावरही सिस्टर तिथंच असते, तिच्या वहीत नावं राहतात.

टिळकवाडी_निवेदक:

मी सूत्रसंचालन करतो, तेवढ्यापुरतंच सांगतो. सिस्टरांचं मीटर प्रवेशाजवळ ठेवू नका, तिथं गर्दी आत यायच्या घाईत असते. नाष्ट्याच्या टेबलाच्या अलीकडं ठेवा. बोलणं आधी, हे शंभर टक्के खरं, मी स्वतः क्रमपत्रिका तशी लावून देतो.

भाषेचं: खानापूर, निपाणी, येळ्ळूर इथं मराठीत बोलाल, पण गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडचं आमंत्रण आलं तर कन्नडमध्ये बोला. लिहून घ्या, पाठ करा. 1 नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सव असतो आणि सीमाभागातले मराठी लोक काळा दिवस पाळतात, त्याच्या आसपास दोन्ही बाजूंची बोलावणी येतील. त्या आठवड्यात व्यासपीठावर न जाता थेट एखाद्या हायस्कुलात जाणं मला योग्य वाटतं. रक्त तपासायला आलेल्या मुलीला तुमचा रंग कुणी विचारत नाही.

आणि लावणीच्या दिवशी स्वतः जेवा. कार्यक्रम सातचा म्हणून सांगतात आणि सत्कारांतच नऊ वाजतात. पाहुण्या कलावंत उपाशी उभ्या राहिलेल्या मी फार बघितल्यात. पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की ठेवा.

वडगावची_घुंगरू:

सगळ्यांचे खूप आभार. रात्री आई-बाबांना तिघांचं मोठ्यानं वाचून दाखवलं. करार काढला. जाहिरातीसाठी आयोजकांची लेखी परवानगी लागते असं त्यात आहे, म्हणजे टॉनिकवाल्यांना सांगायला कारणही मिळालं, पण मी कारण तेच देणार नाही, सरळ नाही म्हणणार आहे.

ठरवलंय ते असं. पतसंस्थेचे दिवस पतसंस्थेला. उद्घाटनं फक्त रविवारी सकाळी आणि तीही मानधन घेऊन, त्यातून शाळांना जायचा खर्च काढायचा. शाळांत मानधन नाही. स्नेहसंमेलनांचा मोसम डिसेंबरला सुरू होईल, त्याआधी सोमवारी कन्नड भाषण एका शिक्षिकेकडून तपासून घेते. हळदीकुंकवाची आमंत्रणं संक्रांत ते रथसप्तमी एकदम येतील, तिथं वाणात प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी प्रत्येकीला एक लिंबू आणि आशाताईच्या नावाची, फोनची चिठ्ठी द्या, असं मंडळांना सुचवणार आहे.

निपाणीच्या मावशीचा पत्ता आयोजक बाईंकडून मिळाला. त्यांच्या गल्लीतल्या आशाताईशी बोलणं झालं, त्या मावशीला घेऊन जाणार आहेत. मी पण सुट्टी काढून जाते.

सिस्टर, एक विचारू? खानापुरातल्या एका हायस्कूलचं बोलावणं आहे. तुमच्या केंद्राच्या हद्दीत येतं का बघाल?

खानापूर_सिस्टर:

शाळेचं नाव इथं नको, मला निरोपातून कळव. आमच्या हद्दीत नसलं तर तिथल्या सिस्टरला मी सांगते, माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती. दुपारच्या जेवणानंतरची वेळ माग, म्हणजे गोळी तिथंच सगळ्यांनी मिळून घेता येईल. तूही घे त्यांच्याबरोबर, डॉक्टरांनी अजून चालू ठेवली असेल तर. आणि घुंगरू आण. पोरी नाचल्याशिवाय तुला सोडणार नाहीत.