बडोद्यातला आमचा जानेवारी

शाळेचे कार्यक्रम असताना सहली नकोत, मुलं दमतात, असं बरेच पालक म्हणतात. मला नाही पटत. 14 तारखेला उत्तरायण: दिवसभर गच्चीवर पतंग, शेजाऱ्यांचा उंधियू, आमची गुळपोळी. मग धाकटीचा स्पोर्ट्स डे, थोरल्याची 26 जानेवारीची परेड. तरी एका रविवारी कमाटीबागेतलं म्युझियम केलंच. निळ्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर धाकटी बरगड्या मोजत उभी राहिली. चुकली की पुन्हा पहिलीपासून! हलेचना. पुढच्या रविवारी चांपानेर (जुनं ऐतिहासिक शहर, 2004 पासून जागतिक वारसा, आणि इतकं जवळ). थोरला मांज्याने कापलेल्या बोटाला पट्टी लावून जामी मशिदीच्या दगडी नक्षीवरून हात फिरवत होता. परतताना दोघंही गाडीत गाढ झोपली. सोमवारी शाळेत मात्र वेळेवर.