आर्काइव्ह टूलमध्ये झेडस्टँडर्ड: फाइल बनते, पण सगळी उघडत नाही

कमांडलाइनवाला
मंडळी, सीमध्ये लिहिलेलं छोटं आर्काइव्ह टूल आहे. टार (अनेक फाइली एकत्र बांधायचा फॉरमॅट) वाचतं-लिहितं, ती दाबायला जीझिप आणि एक्सझेड चालतात. आता झेडस्टँडर्ड (झेडएसटीडी, फाइल दाबायची आणखी एक पद्धत) घालतोय. लायब्ररी लिंक केली. लेव्हल ३ ला फाइल बनते आणि आपली आपण नीट उघडतेही. बाहेरून आलेल्या फाइलींवर मात्र अडतं. दोन डॉट टार डॉट झेडएसटी फाइली कॅट कमांडने एकामागे एक जोडल्या, तर पहिलीतल्याच फाइली दिसतात. पीझेडएसटीडीने (झेडएसटीडीचं समांतर चालणारं रूप) बनवलेली फाइल टूल ओळखतच नाही, ‘अनोळखी फॉरमॅट’ म्हणतं. आणि लाँग ३१ (मागचा खूप मोठा मजकूर लक्षात ठेवून दाबायचा पर्याय) देऊन बनवलेली फाइल मेमरीची एरर देऊन थांबते. ओळख पटवायला सुरुवातीचे चार बाइट तपासतो: २८ बी५ २एफ एफडी. कुठे काय राहिलंय?

फ्रेमबायफ्रेम
एका झेडएसटी फाइलीत कितीही फ्रेम, म्हणजे स्वतंत्रपणे दाबलेले तुकडे, असू शकतात, हे आधी धरून चाला. डीकॉम्प्रेस-स्ट्रीम फंक्शनने ० परत दिलं म्हणजे *ही फ्रेम* संपली. फाइल संपली असं नव्हे. तुमचा लूप बहुतेक तिथेच बाहेर पडतोय. इनपुट शिल्लक आहे तोवर त्याच कॉन्टेक्स्टवर (डीकोडरची स्थिती ठेवणारी रचना) पुन्हा कॉल करत राहा, पुढची फ्रेम तो आपसूक सुरू करतो. इनपुट संपल्यावर शेवटच्या कॉलचं उत्तर ० नसेल, तर फाइल अर्धवट तुटलेली आहे. तिथे एरर द्यायलाच हवी. गप्प बसलात तर अर्धं डाउनलोड ‘यशस्वी’ ठरतं. एकच जपा: ० आल्यानंतर रिकामं इनपुट देऊन कॉल केलात तर नव्या फ्रेमची वाट पाहत तो शून्याहून मोठा आकडा देतो, आणि चांगली फाइलही तुटकी वाटते.

पीझेडएसटीडी प्रत्येक फ्रेमच्या आधी १२ बाइटची वगळायची फ्रेम लिहितो. तिची सुरुवात ५० २ए ४डी १८ अशी असते, पुढे ४ बाइट लांबी (लिटल-एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी) आणि मग तेवढा मजकूर. म्हणजे तुम्ही शोधताय ती खूण तेराव्या बाइटपासून आहे. पहिला बाइट ५० ते ५एफ यांतला कुठलाही चालतो. पण तेवढ्यावर ‘झेडस्टँडर्ड’ म्हणून मोकळे होऊ नका, एलझेड४च्या वगळायच्या फ्रेमचीही हीच खूण आहे. लांबी वाचा, तेवढं ओलांडा आणि पुढे २८ बी५ २एफ एफडी दिसलं तरच हो म्हणा. म्हणून फॉरमॅटच्या तक्त्यात ठरावीक बाइटांऐवजी प्रत्येक फॉरमॅटचं छोटं तपास-फंक्शन ठेवा. एक्स्टेंशनवर तर विसंबूच नका.

शून्यब्लॉक
वरचं सगळं बरोबर, पण तेवढं करूनही कॅटवाली फाइल तशीच दिसेल! टारचा शेवट ५१२ बाइटच्या दोन शून्य ब्लॉकांनी होतो. पहिल्या टारचे ते ब्लॉक दिसले की तुमचा टार-वाचक थांबणार, मागे आणखी दहा फ्रेमा असल्या तरी. ग्नू टारही असंच वागतं. त्याला शून्यं दुर्लक्षित करायचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. तेव्हा या चाचणीवरून फ्रेमचा दोष सुटला की नाही हे कळायचंच नाही. एकच टार घ्या, मधोमध कापा, दोन्ही तुकडे वेगवेगळे झेडएसटी करा आणि मग जोडा. ही फाइल पूर्ण उघडली पाहिजे.

याच जागी आणखी एक मेख आहे. फ्रेमचा चेकसम (मजकूर बिघडला का ते तपासायचा आकडा) तिच्या अगदी शेवटी असतो. टार-वाचक शून्य ब्लॉकांवर थांबला तर पुढचं पॅडिंग आणि चेकसम कोणी वाचतच नाही, आणि बिघडलेली फाइलही पास होते. टार संपलं तरी खालचा प्रवाह शेवटपर्यंत ओढून घ्या. लिहितानाही लक्ष द्या: कमांडलाइन झेडएसटीडी चेकसम आपणहून घालतो, लायब्ररीत तो पर्याय मुळात बंद असतो.

कमांडलाइनवाला
कापून जोडलेली फाइल आता पूर्ण उघडते, पीझेडएसटीडीचीही. मेमरीचं काय करावं? आणि लायब्ररीऐवजी सरळ बाहेरचा झेडएसटीडी प्रोग्रॅम पाइपने चालवला तर?

फ्रेमबायफ्रेम
मेमरीची एरर हा दोष नाही, कुंपण आहे. विंडो म्हणजे उलगडताना मेमरीत ठेवायचा मागचा मजकूर. डीकोडर मुळात २७ च्या विंडो-लॉगपर्यंतच (२ चा २७ वा घात), म्हणजे १२८ एमबीपर्यंत ती मान्य करतो. लेव्हल १९ ला विंडो ८ एमबी असते, २२ ला थेट १२८. लाँग ३१ म्हणजे २ जीबी. मर्यादा सरसकट उठवू नका, नाहीतर कोणीही पाठवलेली चिमुकली फाइल २ जीबी मागून बसेल. वापरणाऱ्याने मुद्दाम मागितलं तरच वाढवा, आणि एररमध्ये तो पर्याय कुठला हेही सांगा. हेडरमधल्या मूळ आकारावर भरवसा ठेवून एकदम मेमरी घेऊ नका. पाइपमधून बनलेल्या फाइलीत तो आकडा बहुधा नसतोच, आणि असला तरी खोटा असू शकतो.

शून्यब्लॉक
बाहेरचा प्रोग्रॅम ही वाट वाईट नाही, ग्नू टार १.३१ पासून तेच करतं. फक्त प्रोग्रॅम मशीनवर नसेल तर स्पष्ट एरर द्या, आणि चाइल्डचा (म्हणजे त्या चालवलेल्या प्रोग्रॅमचा) एक्झिट कोड तपासल्याशिवाय काम झालं म्हणू नका. टार संपताच पाइप बंद केलात तर चाइल्ड सिगपाइपने (पाइप वाचणारा उरला नाही, हा सिग्नल) मरतो आणि चांगली फाइल नापास होते. म्हणजे इथेही शेवटपर्यंत ओढणं आलंच. विंडोजवरही चालवायचं असेल तर मी लायब्ररीच घेईन.

डीफॉल्ट मात्र आत्ता बदलू नका. वाचायचा सपोर्ट आधी सोडा, लिहायचा डीफॉल्ट नंतर. आर्च लिनक्सने पॅकेजेस एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर नेली तेव्हा आकार सुमारे ०.८ टक्के वाढला आणि उलगडणं कितीतरी पटींनी वेगवान झालं. पण ज्यांची लिबआर्काइव्ह (आर्काइव्ह वाचायची लायब्ररी) जुनी होती त्यांना आधी ती अपडेट करावी लागली.

टेस्टमध्ये दाबलेल्या फाइलीचे बाइट जुळवू नका. लायब्ररीची आवृत्ती बदलली की ते बदलू शकतात, आणि वर्कर (दाबायचे थ्रेड) ० ठेवले की १, यानेही फरक पडतो. उलगडून आलेला मजकूर मूळ फाइलीशी ताडा.